किरकोळ दुरुस्ती

चूक फक्त चार ओळींची होती, असं मला पुष्कळांनी समजावलं. हेतू वाईट नव्हता, फुकटात काम करत होतीस, कुणाच्याही हातून झालं असतं. समजावणाऱ्यांचं भलं होवो, पण त्यांनी आता गप्प बसावं. माझ्या अक्काचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापलाय. तो कापायला ती 'हो' म्हणाली होती, असं आम्ही सगळे सात महिने धरून चाललो होतो. तो 'हो' तिच्या तोंडात मी घातला होता. सोलापुरातल्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये बसून, दुपारची भाकरी खाताखाता.

मी अंबिका कलशेट्टी. वय एक्कावन्न, लग्न केलं नाही, जिभेला हाड नाही. पगार मिळतो तो कॉम्प्युटर लॅब सांभाळण्याचा. पण कुणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगायचे, मी सबूरची पॅकेजर आहे. समोरचा 'म्हणजे काय' म्हणून बघत राहायचा, आणि मला तेवढंच हवं असायचं.

म्हणजे काय ते सांगते. यंत्र चालवणारी जी मुक्त प्रणाली असते, तिच्यातले हजारो प्रोग्राम जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून लिहितात आणि जगाला देऊन टाकतात. कुणीही घ्या, बदला, वाटा. पण शेतातली ज्वारी कुणी तशीच तोंडात टाकत नाही. मधे आम्ही असतो, वितरणवाले. लिहिणाऱ्याकडून कोड घ्यायचा, निवडायचा, आपल्या घरच्या रीतीत बसवायचा, बांधायचा आणि लोकांच्या यंत्रापर्यंत पोचवायचा. माल तोच, घरं वेगळी आणि घरागणिक रीत वेगळी.

झरा नावाच्या वितरणात लिहिणाऱ्यानं सकाळी बदल केला की संध्याकाळी तो तुमच्या यंत्रात आलेला असतो, बऱ्यावाईटासकट. जातं म्हणून एक आहे, ते तुम्हाला कोड कच्चाच देतं, आपापल्या घरी दळून घ्या म्हणतं. डबा पद्धतीत प्रत्येक प्रोग्राम आपलं मीठमिरचीसुद्धा स्वतःबरोबर घेऊन येतो. झाकण पक्कं, मधल्या कुणी हात लावायचा नाही.

आणि आमचं सबूर. आम्ही प्रत्येक गोष्ट दोन दोन वर्षं तपासतो आणि मगच सोडतो. आमचा सगळ्यात कडक नियम आहे 'एकच प्रत'. जे काम दहा प्रोग्रामना लागतं, त्याचा कोड यंत्रात एकदाच असला पाहिजे आणि दहाही जणांनी तोच वापरला पाहिजे. त्याला कारण आहे. उद्या त्या कोडमध्ये भगदाड सापडलं तर एका जागी बुजवलं की सगळे सुरक्षित. डबावाल्यांकडे त्याच जुन्या कोडच्या चारशे प्रती चारशे डब्यांत नासत पडलेल्या असतात. या नियमासाठी मी इंटरनेटवर भांडले आहे, लग्नाच्या पंगतीत भांडले आहे. अजूनही नियम मला पटतो, तीच तर पंचाईत आहे.

आता अक्काचं. अक्का म्हणजे महानंदा बिराजदार, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं खो-खो शिकवला. गळ्यात शिट्टी, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडची पोरगी दचकून ताठ उभी राहायची. मला इंजिनिअरिंगला पाठवायला अप्पा तयार नव्हते. तेव्हा अक्का माहेरी येऊन तीन दिवस जेवली नाही, चौथ्या दिवशी अप्पांनी फॉर्मवर सही केली. ती मला म्हणायची, "अंबे, तू यंत्राशी गोड बोलतीस आणि माणसाशी भांडतीस. उलटं कर की जरा."

दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या देठात रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली आणि जीभ, गळा सगळं लुळं पडलं. बुद्धी मात्र लखलखीत. सगळं कळत होतं, सगळं म्हणायचं होतं. घास पुढे हळूहळू उतरायला लागला, आवाज मात्र परत आला नाही. डाव्या हातालाही पकड उरली नाही, डावा पाय तेवढा हलत होता. पलंगाच्या कडेवर टाच एकदा आपटली की 'हो', दोनदा आपटली की 'नाही'. पहिले काही महिने आमचं घर त्या टाचेवर चाललं.

मग वाचापट्टी आली. गळ्याचे स्नायू हलत नसले तरी मेंदू त्यांना हुकूम पाठवतच असतो. तो हुकूम इतका क्षीण असतो की कानाला काय, डॉक्टरच्या बोटांनाही कळत नाही. गळ्याभोवती बांधायच्या या पट्टीत बत्तीस संवेदक असतात, ते तो हुकूम टिपतात, आणि एक माइक समोरच्याचा प्रश्न ऐकतो. मग प्रोग्राम त्यातून शब्द ओळखतो आणि माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याच्याच आवाजात बोलतो. हा प्रोग्राम पोर्तुगालमधल्या इनेस नावाच्या बाईनं आपल्या वडिलांसाठी लिहिला आणि सगळ्या जगाला देऊन टाकला.

यातला अवघड भाग शब्द ओळखण्याचा. क्षीण हुकुमावरून शब्द पक्का कळत नाही, अंदाज बांधावा लागतो. असा अंदाज बांधणारा कोड जगात आधीच होता. मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द सुचवतो ना, तोच. इनेसनं तो घेतला, पण त्यात आपले बदल करून स्वतःची वेगळी प्रत प्रोग्रामसोबत ठेवली.

ती वेगळी प्रत आमच्या तपासणीत अडकली. 'अनावश्यक प्रत', पडद्यावर पिवळा इशारा आला. मी मनात म्हटलं, या बाईला शिस्त नाही. तिची प्रत काढून टाकली आणि चार ओळी लिहून तिचा प्रोग्राम आमच्या सामाईक अंदाजकाला जोडून दिला. मग चाचण्या चालवल्या. एकोणचाळीस पास, एक नापास. नापास झालेल्या चाचणीचं नाव 'शांतता'. ती प्रोग्रामला अगदी अस्पष्ट संकेत द्यायची आणि चाळीस सेकंद थांबून बघायची. मला वाटलं, आमच्या सर्व्हरवर गर्दी असते, वेळेच्या चाचण्या इथे नेहमीच गचकतात. पॅकेजिंग करणाऱ्या प्रत्येकानं अशा चाचण्या बंद केलेल्या आहेत. मीही केली. बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ', आणि हात धुऊन दोनच्या प्रॅक्टिकलला गेले.

महिन्याभरानं अक्काला पट्टी मिळाली. मिरजेहून इफ्फत मुजावर नावाची वाचोपचारतज्ज्ञ यायची, तिनं डबा पद्धतीचा प्रोग्राम घालून दिला होता. मी तो त्याच दिवशी पुसला आणि सबूरचा घातला. बहिणीच्या गळ्यात परक्याच्या हातचं बंद झाकणाचं काहीतरी? माझ्या हातचं असताना? इफ्फत नुसती हसली आणि म्हणाली, "तुमच्या घरचंच आहे मॅडम, मी काय बोलू."

अक्का बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "अंबे, केस बांध." आम्ही रडलो, हसलो. तिचा मुलगा ईरेश पेढे घेऊन आला. आणि हळूहळू सगळे म्हणायला लागले, अक्का आता किती निवळली. चहा घेणार का? हो. टीव्ही लावू का? हो. पाहुणे आलेत, बोलावू का? हो. कधी तरी ती मागाहून म्हणायची, "नको होता चहा." आम्ही हसायचो. "अगं आत्ता तर हो म्हणालीस की!" ती डोळे मोठे करून बघायची. मग चहा प्यायची.

जानेवारीत डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखर होतीच. जखम चिघळली, काळेपणा पायावर वर सरकायला लागला, टाच आपटायची सोय राहिली नाही, ताप चढला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आम्हाला पलंगाशी उभं करून सगळं नीट सांगितलं. "दोन मार्ग आहेत. आज पाय काढायचा, किंवा तीन दिवस औषधांवर थांबून बघायचं. थांबण्यात जिवाला धोका आहे, पण पाय कदाचित वाचेल. त्या शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारू." ते वाकले. "महानंदाताई, ऑपरेशन आजच करायचं का?"

"हो," अक्काचा आवाज आला, स्वच्छ. मग पुन्हा, "हो." मग पुन्हा, "हो."

तीन वेळा म्हणाली. ईरेशनं सही केली. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "शाब्बास अक्का." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, धीराची बाई, पण भीती कुणाला चुकलीय.

ऑपरेशननंतर आठवड्यानं तिनं एकदाच विचारलं, "मी हो म्हटलं?"

"होय की," मी म्हटलं, "तूच म्हणालीस, तीनदा. मी माझ्या कानांनी ऐकलं." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

ऑगस्टमध्ये इफ्फतचा फोन आला. दुपारची वेळ, लॅबमध्ये पोरांची परीक्षा चालू होती, मी व्हरांड्यात गेले.

"मॅडम, एक विचारायचंय, रागावू नका. मी वाचापट्टी वापरणाऱ्या दोनशे बारा पेशंटची तुलना करतेय. चार वितरणांवरचे पेशंट आहेत, पट्टी सगळ्यांची एकच, प्रोग्रामही इनेसबाईंचाच. 'का' लावून विचारलेल्या शंभर प्रश्नांना झरा, जातं आणि डबा यांच्यावर साधारण साठ वेळा 'हो' येतो, वीस वेळा 'नाही', वीस वेळा काहीच येत नाही. सबूरवर अठ्ठ्याऐंशी 'हो' येतात."

"मग आमचं जास्त चांगलं ओळखतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. "दोन वर्षं तपासतो आम्ही."

"ते ठीक आहे मॅडम. पण काहीच न येण्याचा आकडा तुमच्याकडे शून्य आहे. एकदाही नाही. माणूस आहे, कधीतरी गप्प बसतोच ना?"

मी तिला म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. कारण 'शांतता' हे नाव मला आठवलं होतं.

संध्याकाळची वाट न बघता मी इनेसचा मूळ कोड उघडला, चौदा महिन्यांपूर्वी जो न वाचताच काढून टाकला होता तो. तिनं तिथं एक मर्यादा घातली होती. खात्री शंभरात ऐंशीच्या खाली असेल तर प्रोग्रामनं बोलायचंच नाही, पट्टी हलकेच थरथरवून माणसाला 'पुन्हा बोला' अशी खूण करायची. वर तिनं टीप लिहिली होती, 'खात्री नसेल तर गप्प राहा. माझे वडील विचार करत असतील.'

आमच्या सामाईक अंदाजकाला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. तो टाइप करणाऱ्यांसाठी लिहिलेला. त्यानं सगळ्यात शक्य शब्द सुचवायचा, चुकला तर माणूस खोडेल. आणि 'ऑपरेशन करायचं का' यापुढे सगळ्यात शक्य शब्द कोणता, हे त्याला लाखो संभाषणांवरून माहीत होतं. संकेत जोरकस असेल तेव्हा तो माणसाचं ऐकायचा. माणूस थकलेला, तापलेला, घाबरलेला असला आणि संकेत क्षीण झाला, की तो त्या लाखोंचं ऐकायचा. टाइप करताना हे चालतं. बोललेलं कोण खोडणार?

आता एकच प्रश्न उरला होता आणि त्याचं उत्तर अक्काच्या गळ्यातच होतं. पट्टी दीड वर्षाचे कच्चे संकेत साठवून ठेवते. दुसऱ्या दिवशी मी ईरेशच्या घरी गेले, "पट्टी साफ करते गं अक्का," असं खोटं बोलले आणि तिच्या गळ्यातून ती काढून घेतली. तिनं मान किंचित वर करून मला काढू दिली.

एकोणीस जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ती फाइल मी आधी आमच्या सबूरच्या प्रोग्रामला दिली. 'हो', खात्री सत्त्याण्णव. तीन वेळा. मग तीच फाइल इनेसच्या मूळ प्रोग्रामला दिली. पहिल्या वेळी तो गप्प राहिला. दुसऱ्या वेळी गप्प. तिसऱ्या वेळी गप्प. तो बोलला असता तर काय बोलला असता, हे आतल्या नोंदीत दिसतं. तिन्ही वेळा तिथं एकच शब्द सगळ्यात वर होता. 'थांब.' खात्री एकतीस, अडतीस, चव्वेचाळीस.

चव्वेचाळीस म्हणजे निम्मंही नाही. तो 'थांब' नसेलही, मान्य. पण तो 'हो' तर खालच्या यादीतही नव्हता. आणि आकडा तिन्ही वेळा वाढत गेला होता. लुळ्या गळ्यानं, एकशे तीन तापात ती प्रत्येक वेळी जास्त जोर लावत होती, आणि मी तिला शाब्बास म्हणत होते.

यानंतर मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते. मी इनेसची प्रत परत घातली. 'शांतता' चाचणी चालू केली. नवी आवृत्ती तातडीनं सोडली, रात्रीत सगळ्या पट्ट्यांत जाईल अशी. आणि नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. आमच्या धंद्यात हे दोन शब्द लिहिले की कुणी पुढे वाचत नाही. मला ते माहीत होतं.

चार दिवसांत ईरेशचा फोन. "मावशी, पट्टी बिघडली वाटतं. सारखी थरथरायलीय. आई एक शब्द बोलायला अर्धा मिनिट घ्यायलीय. आणि काल सगळ्यांसमोर म्हणाली, मला शेवयाची खीर आवडत नाही. वर्षभर दर रविवारी खातीय की ती!"

मी म्हटलं, "बिघडली नाही. आता बरोबर चाललीय."

"म्हणजे आधी?"

मी गप्प बसले. ईरेश बँकेत आहे, गप्प बसणारी माणसं त्याला रोज भेटतात. तो अर्ध्या तासात पॉलिटेक्निकच्या गेटवर हजर झाला. मी त्याला स्टाफरूमच्या मागच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. तो आधी ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बघत राहिला.

"सही माझी आहे, मावशी."

"तू तिचं ऐकून केलीस."

"डॉक्टर म्हणाले होते थांबलं तर पाय कदाचित वाचेल. मलाच थांबायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. ती हो म्हणाली आणि मला सुटल्यासारखं झालं." त्याचा चेहरा वाकडा झाला, चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, तिथं बाकावर ढसाढसा रडला. मग म्हणाला, "आईला सांगू नको. पाय काय परत येणार आहे का? उगीच जिवाला घोर. तुला हात जोडतो."

मी कबूल केलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्याच्यासाठी लपवतेय असं म्हणता येत होतं.

तसं आठ दिवस चाललं असेल. नवव्या दिवशी इफ्फतचा फोन. "तुमची दुरुस्ती पाहिली मॅडम. आकडे आता बाकीच्यांसारखे आले. छान केलंत. पण नोंदीत 'किरकोळ' लिहिलंय. सबूरवर पट्टी वापरणारे तीन हजारांच्या आसपास आहेत. चौदा महिने. त्यांनी कशाकशाला हो म्हटलं असेल, आणि त्यांच्या घरच्यांना वाटत असेल की ते खरंच म्हणाले. त्यांना कोण सांगणार?"

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, फुकट काम करणाऱ्याच्या बोकांडी बसणं सोपं असतं. नियम मी केला नाही. इनेसनं तिची प्रत वेगळी का ठेवली ते ठळक लिहायचं होतं. झरावाल्यांनी तरी काय, ते कोड वाचतच नाहीत, म्हणून त्यांच्याकडून मोडला नाही एवढंच. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबले.

इफ्फत म्हणाली, "मॅडम, महानंदाताईंना सांगितलंत?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी दहाला जुळे सोलापूर भागात ईरेशच्या घरी गेले. तो ऑफिसला निघत होता. माझा चेहरा बघून त्यानं बॅग खाली ठेवली आणि दारातच उभा राहिला. मला अडवलं मात्र नाही.

अक्का खिडकीशी व्हीलचेअरवर होती. मी समोर स्टूल घेऊन बसले. आधी तिचा हात धरला, मग सोडला, कारण धरायचा हक्क मला वाटेना. सगळं सांगितलं. प्रत काढली ते, चाचणी बंद केली ते, भाकरी खात होते तेसुद्धा. जानेवारीतली फाइल सांगितली. तीन आकडे सांगितले. 'तूच म्हणालीस' असं मी तिला म्हटलं होतं, ते खोटं निघालं हे सांगितलं.

तिचा गळा हलल्यासारखा वाटला. पट्टी थरथरली, पुन्हा बोला. ती परत प्रयत्न करायला लागली. पुन्हा थरथरली. कपाळावर घाम आला तिच्या. मला वाटलं, काढून टाकावी ही पट्टी, काहीही करावं, पण नुसतं बसून राहणं नको. ईरेश दारातून म्हणाला, "आई, राहू दे, नंतर बोल." तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो गप्प.

मग तिचा आवाज आला. एकेक शब्द, मधे मोठमोठी अंतरं.

"मला वाटलं. मी. भ्याले."

मी म्हटलं, "काय?"

"सात महिने. मला वाटलं. मी. भिऊन. हो म्हटलं."

मला ते कळायला वेळ लागला. ती ऑपरेशनबद्दल विचारायची थांबली होती ती त्यामुळे. तेहेतीस वर्षं तिनं पोरींना शिकवलं होतं, शिट्टी वाजेपर्यंत पळणारीनं बसकण मारायची नाही. आणि आम्ही तिला सांगितलं होतं की तू बसलीस, तीनदा बसलीस, आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. तिनं आमच्यावर विश्वास ठेवला होता. पायाचं दुःख होतंच. पण रोज सकाळी उठून ती स्वतःला भित्री म्हणत होती, आणि हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि तिच्या उरलेल्या मांडीवर डोकं टेकून मोठ्यानं रडले. असं मी आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

"अक्का, मला माफ करशील का?"

जुना प्रोग्राम असता तर ताबडतोब 'हो' आला असता. हे माझ्या मनात त्याच क्षणी आलं, आणि मी इतकी नीच की पळभर मला तो हवासा वाटला. पट्टी थरथरली. पुन्हा थरथरली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. मिनिट उलटून गेलं.

"नाही," अक्का म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आधी. सगळ्यांना. सांग."

"तुझं नाव घालू?"

यावेळी पट्टी एकदाच थरथरली. "घाल."

तिथंच, तिच्या शेजारी बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी जाहीर सूचना लिहिली. पॅकेजरच्या भाषेत लिहायचा मोह होत होता, 'काही परिस्थितींत अनपेक्षित वर्तन' वगैरे. अक्का पडद्याकडे बघत होती, त्यामुळे जमलं नाही. लिहिलं की सबूरमधल्या वाचापट्टीच्या प्रोग्राममध्ये मी, अंबिका कलशेट्टीनं, चौदा महिन्यांपूर्वी केलेल्या बदलामुळे वापरणाऱ्यांनी न उच्चारलेला 'हो' पट्टी बोलत होती. माझी बहीण महानंदा बिराजदार हिच्या बाबतीत काय झालं तेही लिहिलं. कच्चे संकेत कसे काढायचे, मूळ प्रोग्रामवर कसे तपासायचे, ते पायरी पायरीनं लिहिलं. शेवटी लिहिलं, या काळात आपल्या माणसानं महत्त्वाच्या कुठल्याही गोष्टीला हो म्हटलं असेल, तर कृपया त्यांना पुन्हा विचारा. खाली माझा पत्ता आणि फोन नंबर दिला. अक्कानं वाचलं, मी पाठवलं. ईरेशनं तोवर ऑफिसला कळवून टाकलं होतं. त्यानं तिघांसाठी चहा टाकला आणि अक्काला विचारलं, घेणार का. ती "नको" म्हणाली.

त्याला आता तीन आठवडे झाले. सबूरच्या लोकांनी माझे पॅकेजिंगचे अधिकार काढून घेतले नाहीत, मीच परत केले. 'एकच प्रत' नियमावर सबूरवाल्यांच्या ईमेल-यादीत भांडण पेटलंय, दोन्ही बाजू माझं उदाहरण देतात. इनेसचं दोन ओळींचं पत्र आलं. तिनं लिहिलं की वडिलांनी तिला एकदा सव्वा मिनिटानं उत्तर दिलं होतं, तिनं घड्याळ लावून ठेवलं होतं, म्हणून ती गप्प राहण्याची अट. शिव्यांची पत्रं आली, ती मी ठेवली आहेत. बरीचशी पत्रं साधी होती. आजोबांना वृद्धाश्रमात राहायचं नव्हतं, आता घरी आणलंय. बायकोला माहेरी जायचं नव्हतं. एका बाईनं लिहिलं, आम्ही सासूबाईंना सगळं पुन्हा विचारलं आणि त्यांनी सगळ्यालाच नाही म्हटलं, आता काय करू ते तुम्हीच सांगा. ते वाचून अक्काचे खांदे हलले. हसत होती.

अक्का माझ्याशी बोलते. केस बांध म्हणते, जेवलीस का विचारते. माफीचं मी परत विचारलेलं नाही.

काल लातूरहून एक पत्र आलं. हातानं लिहिलेलं, वहीच्या पानावर. लिहिणारा शाळेत शिपाई आहे. त्याच्या वडिलांना सबूरची पट्टी होती. मार्चमध्ये ते श्वासाच्या यंत्रावर होते. बरे होण्याची आशा नाही, यंत्र काढायचं का, असं डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं आणि ते हो म्हणाले. घरच्यांनी त्यांच्या शब्दाला मान दिला. 'तुमची सूचना वाचली,' त्यानं लिहिलंय. 'पट्टी हॉस्पिटलनं परत घेऊन पुसली, त्यामुळे तपासता येत नाही. तुम्ही लिहिलंय की त्यांना पुन्हा विचारा. मॅडम, मी आता कुणाला विचारू?'

मी ते अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. पट्टी थरथरली नाही. तिनं काही बोलायचा प्रयत्नच केला नव्हता.

आज सकाळपासून मी त्याला उत्तर लिहायला बसले आहे. दुपार होत आली. 'नमस्कार' एवढं लिहून झालंय.